माझ्या स्वभावाविषयी हरकती व सूचना

निबंध परत आला. गुण नाहीत, सही नाही, तारीख नाही. खाली लाल शाईत एकच ओळ.

'काका, यात माणूस कुठे आहे?'

मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. पुन्हा सुलटा केला. माणूस होता की! शीर्षकातच होता, ठळक अक्षरात, खाली दोन रेघा मारून : 'त्र्यंबक आजरेकर, एक आत्मपरीक्षण'. एवढा ढळढळीत माणूस ज्या बाईंना दिसत नाही त्यांनी लेखनाचा वर्ग चालवावा, याचा मला पहिला धक्का बसला. पहिला म्हणतो, कारण पुढे इतके बसले की मोजणं सोडून दिलं.

वाचकांनीच न्याय करावा म्हणून तो निबंध जसाच्या तसा देतो. लांब नाही.

प्रारूप

'सदर व्यक्तीचा जन्म मध्यमवर्गीय कुटुंबात झाला असून शिक्षण समाधानकारकरीत्या पूर्ण करण्यात आले. यथावकाश विवाह करण्यात आला. एक अपत्य आहे. सेवाकाळात कोणतीही तक्रार प्राप्त नाही. स्वभाव शांत व मनमिळाऊ असून आजवर कोणासही दुखावल्याचे आढळून येत नाही. सबब आत्मपरीक्षण पूर्ण झाले असे समजण्यास हरकत नसावी. सविनय सादर.'

यात काय कमी आहे? एक खाडाखोड नाही. नगररचनेच्या कार्यालयात मी वरिष्ठ लिपिक होतो. माझ्या टिपणीवर साहेब डोळे मिटून सही करायचे. आणि त्याच दिवशी मॅडमनी वर्गात वाचून दाखवला तो निबंध कुणाचा? पेठेतल्या एका गोलकीपर पोराचा. विषय काय? त्याच्या दोन पायांमधून गेलेला गोल. वाचताना मॅडमचा आवाज भरून आला. पायांमधून गोल गेला हे कुणी लिहून देतं का? आमच्याकडे तसं झालं असतं तर आधी चौकशी लागली असती.

वर्ग सुटल्यावर मी मॅडमना गाठलं. वर्षाराणी मॅडम राधानगरीकडच्या, वयानं आमच्या लेकीएवढ्या, मैथिलीएवढ्या, बोलायला अगदी मऊ. कडक असते ती शाई.

"मॅडम, नेमकी त्रुटी कळवावी."

"काका, 'कोणासही दुखावल्याचे आढळून येत नाही' असं लिहिलंय तुम्ही. शोधलं होतं कुणी?"

"म्हणजे?"

"आढळायला आधी कुणीतरी शोधावं लागतं ना?"

मॅडमनी मग मला लेखनाची प्रक्रिया समजावून सांगितली. आधी कच्चा मसुदा लिहायचा. तो चार जणांना दाखवायचा. त्यांचं म्हणणं, कितीही टोचलं तरी, ऐकून घ्यायचं. मग स्वतःकडे बघायचं आणि पुन्हा लिहायचं. शेवटी म्हणाल्या, "दुसऱ्या मसुद्यातही माणूस दिसला नाही, तर मात्र काका, वर्गात बसून उपयोग नाही. तुमचाही वेळ जातो, माझाही."

म्हणजे वर्गातून काढणार! एकोणसाठाव्या वर्षी!

इथे घरची परिस्थिती सांगितली पाहिजे. निवृत्त झाल्यापासून मी दिवसभर घरात असतो. घरात असलो की लक्ष जातं. फोडणीत आधी मोहरी का, हिंग का नाही. दूध तापवायला मोठं पातेलं का. अशी साधी विचारणा मी करायचो. त्यावर आमच्या हिनं वर्तमानपत्रात या वर्गाची जाहिरात शोधली, स्वतः जाऊन माझं नाव घातलं आणि मला बजावलं : "रोज संध्याकाळी तिकडे बसायचं. तिथूनही काढलं तुम्हाला, तर मी मैथिलीकडे पुण्याला निघाले. जायचं तिकीट काढीन, यायचं काढणार नाही."

आमची ही धमक्या देत नाही. ती नुसती सांगते आणि मग तसं होतं.

(लिहीन तसा भाग मॅडमना दाखवतो; समासात त्यांची लाल शाई : 'ही' म्हणजे कोण? नाव आहे ना त्यांना?)

आहे. स्नेहल. पण नाव घेऊन हाक मारायची सवय नाही. यापुढे लिहितो.

तर स्नेहल पुण्याला जाऊ नये यासाठी मला दुसरा मसुदा लिहिणं भाग होतं. आणि घरी येताना रंकाळ्याच्या कठड्याजवळ माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मसुदा करायचा, लोकांना दाखवायचा, त्यांचं ऐकायचं, दुरुस्त करून पक्का करायचा. अहो, हेच तर मी जन्मभर केलं! शहराचा आराखडा असाच होतो. आधी प्रारूप. मग ते प्रसिद्ध करायचं. मग हरकती व सूचना. मग सुनावणी. मग अंतिम. लेखन लेखन म्हणून जे मिरवतात ते हेच असेल, तर मी तीस-बत्तीस वर्षं लेखकच होतो आणि हे मला कुणी सांगितलं नाही!

प्रसिद्धी

त्याच संध्याकाळी सूचना तयार केली.

'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, श्री. त्र्यंबक आजरेकर यांच्या स्वभावाचे प्रारूप तयार करण्यात आले असून ते फ्लॅट क्रमांक सात येथे पाहावयास ठेवले आहे. त्याबाबत कोणाच्या हरकती व सूचना असल्यास त्या लेखी द्याव्यात. प्राप्त हरकतींवर येत्या रविवारी सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये सुनावणी घेण्यात येईल.'

सूचना घेऊन सोसायटीचा सेक्रेटरी उन्मेष याच्याकडे गेलो. उन्मेष पोरगा हुशार, हिशेब तपासणीस आहे. पण नियमांचं पुस्तक तो उशाला घेऊन झोपतो. त्यानं माझी सूचना दोनदा वाचली. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काका, फळ्यावर तीनच रकाने आहेत. पाणी, पार्किंग आणि निधन. ही कशात घालू?"

"चौथा रकाना करा."

"त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. सभा दिवाळीनंतर."

माझ्या तोंडचे नियम माझ्याच तोंडावर! एरवी मला अभिमान वाटला असता. शेवटी बऱ्याच चर्चेअंती, पाण्याचा आणि पार्किंगचा रकाना भरलेला असल्यामुळे, माझी सूचना तात्पुरती निधनात लावायचं ठरलं.

तात्पुरती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर तळमजल्यावरच्या बनाबाई. हातात झाकलेलं पातेलं, डोळ्याला पदर. मला बघून त्यांचा पदर तिथंच राहिला.

"तुमी?"

"मी."

"मग कोन गेलं?"

"कुणी नाही."

"आणि फळ्यावर तुमचं नाव हाय ते?"

बनाबाईंना लांबून ठळक अक्षरं दिसतात. बारीक मजकुरात त्या पडत नाहीत. निधनाच्या रकान्यात माझं नाव पाहिलं आणि आपल्या रीतीप्रमाणे शेजारधर्म म्हणून पिठलं-भात करून त्या दोन जिने चढून आल्या होत्या. मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, खुलासा केला.

"बरं झालं बाई, जित्तं हायसा," त्या म्हणाल्या. "पिठलं आणलंय तर खावा आता. पर एक सांगू? राग न्हाय न्हवं यायचा?"

"सांगा की. त्याचसाठी तर सूचना आहे."

"जिना चढताना लई इचार केला बघा, वैनीपुढं तुमच्याबद्दल चार शब्द काय बोलायचं. गेलेल्या मानसाबद्दल कायतरी चांगलं बोलाय लागतं. एकेक पायरीवर थांबले. काय सुचंना." मग मला वाईट वाटू नये म्हणून त्या घाईनं म्हणाल्या, "वाईट बी काय सुचलं न्हाय हां!"

त्या गेल्या. मी पिठलं-भाताकडे बघत बसलो. माझ्या मरणाचं जेवण माझ्यासमोर वाफाळत होतं आणि त्याच्यासोबत द्यायला एक वाक्य नव्हतं.

(समासात : इथे थोडं थांबा. त्या क्षणी काय वाटलं ते लिहा.)

मॅडम, भूक लागली होती. खाल्लं. मीठ थोडं कमी होतं. नंतर काय वाटलं ते लिहिता येत नाही. प्रयत्न चालू आहे.

प्रसिद्धी, पुढे चालू

वरच्या मजल्यावर बाळासो राहतात. मूळचे कागलचे, साखर कारखान्यातून निवृत्त. रोज सकाळी आमच्याकडे चहाला येतात, पेपर आधी ते वाचतात, मग मी. त्यांना पिठल्याची हकीकत कळली तेव्हा हसून हसून त्यांना ठसका लागला.

"साहेब, तुमचं चुकतंय कुठं सांगू? कागद! कागद कोन वाचतंय कोल्हापुरात? इथं मानूस फ्लेक्सवर आला तर आला, न्हायतर न्हाय."

"अहो, पण हा शैक्षणिक विषय आहे."

"मग शैक्षणिक फ्लेक्स मारूया की! आपलं पोरगं हाय दुकानात. तुमी नुसता मजकूर द्या. बाकी माझ्यावर सोडा."

मी मजकूर दिला. बाकी त्यांच्यावर सोडलं. आयुष्यात मी कुठलीच गोष्ट मंजुरीआधी नमुना न पाहता सोडली नव्हती. हीच एक सोडली.

सकाळी दूध घेऊन परत येताना चौकात उभा राहिलो. उभा म्हणजे दोन ठिकाणी. एक मी खाली, पिशवी घेऊन. एक मी वर, वीस फुटी, काळा गॉगल लावून. निवृत्तीच्या समारंभातला फोटो, गॉगल दुकानदाराचा. माझ्या मागे डरकाळी फोडणारा सिंह. डोक्यावर मुकुट. बाजूला विजा चमकत होत्या. मजकूर असा :

'एकच साहेब! आजरेकर साहेब!! यांच्या स्वभावाविषयी हरकती व सूचना! रविवारी सकाळी! चलो पार्किंग! शुभेच्छुक : बाळासो आणि समस्त मित्रपरिवार.'

खाली मित्रपरिवाराचे गोल गोल फोटो. त्यातल्या एकाही माणसाला मी ओळखत नव्हतो.

"नाद खुळा झालाय का न्हाय?" बाळासो मागून म्हणाले.

माझ्या पिशवीतलं दूध गळत होतं. मला लाज वाटत होती, राग येत होता, आणि, लिहून टाकतो, मुकुट बरा दिसत होता.

घरी स्नेहलनं बाल्कनीतून ते पाहिलं होतं. ती काही बोलली नाही. तिनं माळ्यावरची प्रवासाची बॅग काढली आणि ओल्या फडक्यानं पुसायला घेतली.

"अगं, रविवारपर्यंत थांब. सुनावणी झाली की मसुदा पक्का. मला वर्गातून काढणार नाहीत."

"बॅग नुसती पुसतेय," ती म्हणाली. "पुसायला मंजुरी लागत नाही ना?"

सुनावणी

माझा अंदाज होता, चारपाच माणसं येतील. रविवारी मी खाली उतरलो तर पार्किंग भरलेलं. उन्मेषनं गाड्या बाहेर काढायला लावून पावत्या फाडल्या होत्या. प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, माईक होता, आणि कुणीतरी मिसळीची ऑर्डर घेत फिरत होतं. कोल्हापुरात चार माणसं जमली की कट तिखट हवा की मध्यम, हा प्रश्न निघतोच. मागच्या भिंतीला टेकून वर्षाराणी मॅडम उभ्या होत्या. फ्लेक्स त्यांच्या रोजच्या वाटेवर होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काका," त्या जवळ येऊन कुजबुजल्या, "मी चार जणांना दाखवा म्हटलं होतं. चार."

पण आता सूचना प्रसिद्ध झाली होती. प्रसिद्ध झालेली सुनावणी मागे घेता येत नाही. मी टेबलामागे बसलो, प्रारूप समोर ठेवलं, पेन उघडलं आणि म्हणालो, "पहिले हरकतदार."

पहिल्या आल्या समोरच्या फ्लॅटमधल्या संयोगिता वहिनी. शिक्षिका आहेत, शांत बोलतात.

"भावजी, तुम्ही मनमिळाऊ असं लिहिलंय. जिन्यात भेटलं की तुम्ही 'काय, बरं आहे ना?' विचारता. विचारता, आणि उत्तर यायच्या आत वर जाता. मागच्या वर्षी माझं ऑपरेशन झालं. टाके होते, कठडा धरून चढत होते. तुम्ही विचारलंत, 'बरं आहे ना?' मी म्हणाले, 'नाही हो.' तुम्ही म्हणालात, 'छान, छान.'"

पार्किंगमध्ये हशा पिकला. वहिनी हसल्या नाहीत. मी लिहून घेतलं : 'छान, छान.' लिहिलेलं दिसायला फारच वाईट दिसत होतं.

दुसरे बाळासो. मला वाटलं, हे तरी माझ्या बाजूनं बोलतील.

"साहेब, हरकत म्हंजे काय, मनातलं बोलतो. इतकी वर्सं तुमच्या घरात च्या पितोय. तुमी माझ्या घरात एकदा तरी आलाय का? वरचा मजला हाय फक्त. अमेरिका न्हाय."

"तुमच्याकडे रविवारी तांबडा-पांढरा असतो म्हणून..."

"आणि सोमवारी? सोमवारी आमी बी वरनभातच खातोय की! बायको सारखी इचारती, साहेबांना आमच्या कपाचा इटाळ होतोय का काय."

"छे, छे! असं नाही हो!"

"मग कसं हाय?"

याचा मी खरंच कधी विचारच केला नव्हता. माझ्या कानशिलात वाजवली असती तरी इतका दचकलो नसतो.

(समासात : 'विचारच केला नव्हता'. हे पुसू नका.)

मी घाम पुसला आणि तिसऱ्याला बोलावलं. तिसरे अनोळखी. धोतर, टोपी, काखेत कागदांची पिशवी. हातकणंगल्याहून पहिली एसटी धरून आले होते. नाव गणपतराव.

"साहेब, माझं दोन गुंठं रस्त्यात चाललंय," ते म्हणाले. "माझी हरकत हाय."

"पावणं, हितं साहेबांच्या सोभावाची सुनावनी हाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

"असू दे की. फ्लेक्सवर हरकती व सूचना लिवलंय का न्हाय? साहेब नगररचनेचं हायती का न्हाय? मग ऐका माझं."

काय सांगू! मला कुणीतरी बुडताना हात दिला. मी खुर्ची पुढे ओढली. त्यांचा नकाशा पसरला, उत्तर दिशेला फिरवला, गट क्रमांक विचारला, कडेची विहीर कुठे आहे ते विचारलं. ते घाबरले होते. त्यांना पाणी मागवलं. म्हणालो, "सावकाश सांगा, घाई नाही. जमीन तुमची आहे, मी ऐकतोय." अर्ज कुठे करायचा, सोबत काय जोडायचं, सगळं लिहून दिलं. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. गणपतराव हात जोडून म्हणाले, "साहेब, मानूस बघावा तर असा!" मी विजयी मुद्रेनं मॅडमकडे पाहिलं. सापडला ना माणूस?

मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या रांगेकडे बघत होत्या.

"पुढचे हरकतदार," मी म्हणालो.

"लिहा," हरकतदार म्हणाले. म्हणाली.

स्नेहल. बाहेर जायची साडी, हातात पर्स. रांगेत उभी राहून, आपल्या पाळीनं आलेली.

"अगं, तू घरी सांग ना."

"घरी सुनावणी नसते," ती म्हणाली. कुणीतरी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. "या पाहुण्यांचं तुम्ही ऐकलंत. नकाशा फिरवून बघितलात. पाणी दिलंत. सावकाश सांगा, मी ऐकतोय म्हणालात. हा माणूस मला माहीतच नव्हता. मी तिकडे उभी राहून बघत होते, हा कोण? माझ्या घरी असा कुणी राहत नाही."

मिसळवाल्यानं ऑर्डरची वही मिटली.

"माझी आई गेली, तो फोन आला तेव्हा तुम्ही म्हणालात, 'वाईट झालं.' आणि उठून सिलिंडरचा नंबर लावलात. मी पुण्याला जाते म्हटलं तर म्हणालात, 'बरं, तसं कळव.' कुणाला कळवू? अहो, नवरा भांडतो म्हणून बायका माहेरी जातात. तुम्ही मला तेवढंही कारण दिलं नाहीत. कोणास दुखावल्याचे आढळून येत नाही! जवळ आल्याशिवाय दुखावणार कसं?"

मी उभा राहिलो. आयुष्यभर हरकतीवर काय लिहायचं ते मला पाठ आहे. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"तू जाऊ नकोस," मी म्हणालो. माईक चालू होता. ते पूर्ण पेठेत ऐकू गेलं.

"का?"

"घराची गैरसोय होईल."

"घराची?"

"म्हणजे... माझी."

"डबा लावून देते."

"डब्याची नाही गं!"

"मग कसली?"

"संध्याकाळी भाजी निवडताना तू स्वतःशी बडबडतेस. ती कानावर पडली नाही तर मला पेपर वाचता येत नाही."

तिचा चेहरा बदलला. "तुम्ही ऐकता?"

"रोज ऐकतो."

"मग उत्तर का देत नाही?"

"कारण तू माझ्याबद्दलच बोलत असतेस! नावं ठेवत असतेस! आपल्याला नावं ठेवणाऱ्याला माणूस काय उत्तर देणार?"

"उलट बोलायचं ना मग!"

"उलट बोललो असतो तर तू दोन दिवस अबोला धरला असतास!"

"धरला असता! मग तुम्ही तो सोडवायचा असतो!"

"मला काय माहीत सोडवायचा असतो? कुठे लिहिलंय?"

"सगळं लिहिलेलं असायला लागतं का तुम्हाला?"

माझा आवाज चढला होता. माझा! मला तो ओळखू येईना. मी टेबलावर हात आपटला, प्रारूप उडून खाली पडलं, त्यावर कुणाचा तरी पाय पडला. हिंगापासून सिलिंडरपर्यंत, तिच्या बहिणीच्या लग्नातल्या माझ्या गैरहजेरीपासून माझ्या भावानं नेलेल्या आणि न आणलेल्या शिडीपर्यंत आम्ही भांडलो. लोक खुर्च्या पुढे ओढून बसले. बनाबाई म्हणाल्या, "आता सुचतंय बघा बोलायला," आणि बाळासोंनी उन्मेषला माईक बंद करू दिला नाही.

(समासात : काका, माईक मी बंद केला. नोंद असावी.)

भांडण कसं संपतं याची मला कल्पना नव्हती, पहिलंच होतं. ते स्नेहलनं संपवलं. ती मध्येच थांबली, धापा टाकत होती, गाल लाल झाले होते. पदरानं कपाळ पुसलं आणि हसली. लोकांसमोर, सगळ्यांदेखत हसली.

"झालं," ती म्हणाली. "आता जाते मी पुण्याला."

"काय? अगं, एवढं भांडलो ना मी! जाऊ नको म्हणून तर भांडलो!"

"म्हणूनच जाते. मागे कुणीतरी आहे, हे कळल्याशिवाय जावंसं वाटत नव्हतं. पोरीकडे राहीन, नातवाशी खेळीन, कंटाळा आला की येईन. दोन्हीकडची तिकिटं काढते."

असा निकाल मी उभ्या सेवाकाळात पाहिला नाही. हरकत मान्य, आणि तरी रस्ता जातो तो जातोच!

गणपतराव मिसळ खाऊन एसटीला निघाले. जाताना म्हणाले, "तुमचं काम अवघड हाय साहेब. माझं दोन गुंठंच बरं."

अंतिम

अंतिम असं काही तयार नाही, मॅडम. सुनावणीनंतर प्रारूप दुरुस्त करून पक्कं करायचं असतं. मी बसलो होतो करायला. 'स्वभाव शांत' खोडलं. 'मनमिळाऊ' खोडलं. 'कोणासही दुखावल्याचे' खोडलं. 'यथावकाश' ठेवलं होतं, मग तेही खोडलं. शेवटी 'एक अपत्य आहे' एवढंच उरलं आणि तेही निम्मं तिचं.

सोमवारी मी बाळासोंच्या घरी गेलो होतो. वरणभात होता. त्यांच्या बायकोनं वाढताना माझ्याकडे असं पाहिलं की जणू फ्लेक्सवरचा सिंहच पाटावर बसलाय. संयोगिता वहिनी जिन्यात भेटल्या. मी विचारलं, "बरं आहे ना?" आणि थांबलो. त्या बिचकल्या. मग गुडघ्याबद्दल इतकं बोलल्या, इतकं बोलल्या, की माझंच दूध नासलं. माणसांचं ऐकायचं म्हणजे वेळ फार जातो, ही माझी सूचना आहे.

स्नेहलला काल स्टँडवर सोडून आलो. एसटी हलताना तिनं खिडकीतून सांगितलं, "लिहा नीट. आणि त्या प्रारूपाची नुसती नक्कल करू नका." मी म्हणालो, "पोचलीस की फोन कर." म्हणालो म्हणजे, ओरडलो. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं.

आज वर्गाला यायच्या आधी तुमच्यासाठी हा शेवटचा भाग लिहायला बसलोय. चहा करून घ्यावा म्हटलं. साखर सापडली, चहापूड सापडली, आलं फ्रीजमध्ये होतं. चहा उकळून तयार आहे आणि गाळणी सापडत नाही. सगळे डबे उघडले. फोन केला तर ती म्हणाली जिथं असते तिथंच आहे. मी म्हणालो जिथं असते ते ठिकाण कुणाला कळवलं होतंस? त्यावर अर्धा तास गेला. नातू रडायला लागला म्हणून तिनं फोन ठेवला. चहा गार झाला. माझी बायको पुण्याला आहे, घरात कुणी बडबडत नाही, पेपर तसाच पडलाय, आणि मला ती गाळणी दिसत नाही. यापुढे काय लिहायचं ते सुचत नाही. असाच देतो.

(समासात, लाल शाईत : सापडली का?)